एकतीस जून

१

वृद्धांच्या त्या निवासात नोंदी ठेवणाऱ्या दोन बायका होत्या आणि दोघींची खरी नावं हजेरीपटापुरतीच उरली होती. एक निवृत्तीला टेकलेली, ती थोरली. दुसरी तिच्याहून वीस वर्षांनी लहान, ती धाकटी. कॉम्प्युटरचं काम बघायला संचालकांचे जावई होते. तोंडावर सगळे त्यांना जावईबापू म्हणत आणि पाठ वळली की नुसतं जावई. त्यांच्या कामाला नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

जानेवारीपासून रजिस्टरं बंद होऊन नोंदी विकीवर गेल्या होत्या. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरची वहीच. तिच्यात प्रत्येकानं आपापल्या जागेवरून लिहायचं, आणि कोणी कधी काय लिहिलं ते मागाहून कोणालाही बघता यायचं. प्रत्येक दिवसाचं एक पान, पानावर पंधरा खोल्या आणि प्रत्येक खोलीखाली तीच चार कलमं: झोप, खाणंपिणं, भेटायला आलेले, शेरा. हे कोरं पान आधी थोरली रोज हातानं तयार करायची आणि दर दोन दिवसांनी एखादी खोली खाऊन टाकायची. मग जावयानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो रोज सकाळी आपोआप पान मांडायचा आणि महिना संपला की सगळी पानं एका कॅलेंडरात ओवून ठेवायचा. थोरलीनं त्याचं नाव पानकर ठेवलं.

"पानकर वेळेवर येतात, चहा मागत नाहीत, रजा टाकत नाहीत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. "शिका जरा त्यांच्याकडून."

कॅलेंडरात कोऱ्या पानाची तारीख लाल दिसायची. पानावर एक शब्द जरी लिहिला तरी ती निळी व्हायची. दोघींचं सगळं काम म्हणजे लालाचं निळं करणं.

मार्चमध्ये संचालकसाहेबांनी फर्मान काढलं की मागच्या नऊ वर्षांची रजिस्टरंही विकीवर यायला हवीत. जावयानं एका दुपारी पानकरला जुंपलं आणि चहा होईस्तोवर नऊ वर्षांची कोरी पानं तयार झाली. घाईत त्यानं प्रत्येक महिन्याला सरसकट एकतीस दिवस देऊन टाकले होते. फेब्रुवारीलासुद्धा. थोरली पोट धरून हसली. जावई म्हणाला, "राहू देत हो, कोरीच तर आहेत. कोणाच्या पोटात दुखतंय?"

गेल्या वर्षीची रजिस्टरं धाकटीच्या वाट्याला आली. पहिले चार महिने तिनं झपाट्यानं उतरवले. मे संपत आला तशी तिची बोटं जड झाली आणि जूनचं रजिस्टर तिनं टेबलाच्या खालच्या खणात सारून दिलं. थोरलीनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. गेल्या वर्षीच्या जूनपर्यंत खोली नंबर नऊमध्ये धाकटीची आई राहत होती.

२

सोमवारी सकाळी धाकटीनं मन घट्ट केलं आणि गेल्या वर्षीच्या जूनचं कॅलेंडर उघडलं. अख्खा महिना लाल होता. पहिल्यापासून तीसपर्यंत एकही चौकट भरलेली नव्हती, असणार तरी कशी. पण तीसच्या शेजारी जी एक जास्तीची चौकट होती, ती निळी होती.

तिला आधी हसूच आलं. कॅलेंडर न बघता काम करणाऱ्या कोणीतरी भलत्याच तारखेत लिहून ठेवलं असणार. तिनं चौकटीवर टिचकी मारली. पान उघडलं. चौदा खोल्या कोऱ्या होत्या.

"खोली ९. झोप: शांत. लवकर उठल्या. केस विंचरून घेतले. खाणंपिणं: चहा नको म्हणाल्या. मुलगी आली की तिच्याबरोबर घेईन म्हणाल्या. भेटायला आलेले: अजून कोणी नाही."

शेरा कोरा होता.

धाकटीनं शांतपणे विचार करायचा प्रयत्न केला. आजची नोंद चुकून तिथे पडली असेल. आज नऊ नंबरमध्ये मास्तर राहतात, सत्तर ओलांडलेले, शाळेत भूगोल शिकवलेले, मिशीवाले. मास्तरांसाठी कोणीही 'उठले' लिहील. 'उठल्या' कोण लिहील? त्या एका शब्दाच्या शेपटीपाशी तिचा सगळा विचार अडला आणि पुढे जाईना.

तिनं पानाचा इतिहास उघडला. कोणी लिहिलं ते तिथे दिसतं. एकच नाव होतं, पानकर.

३

दुपारी ती सिस्टरकडे गेली. सिस्टर गोळ्यांच्या डब्या लावत होती, मान वर न करता बोलणारी बाई.

"एकतीस जूनला तुम्ही काही लिहिलंत का हो? गेल्या वर्षीच्या?"

"कुठल्या जूनला?"

"एकतीस."

सिस्टरनं डबी खाली ठेवली. डाव्या हाताची मूठ वळली आणि उजव्या बोटानं हाडांचे उंचवटे मोजायला लागली. जानेवारी वर, फेब्रुवारी खळग्यात, मार्च वर. जूनला बोट खळग्यात गेलं. "अगं बाई, जूनला तीसच की. जेवलीस का तू नीट?"

धाकटीनं मग जावयाला फोन लावला. "जावईबापू, पानकर स्वतःहून काही लिहितो का?"

"तो काय लिहिणार? तो कोरं पान मांडतो नि जातो. लिहायला अक्कल लागते, ती मी त्याला दिलेली नाही." स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. "का? काही घोळ?"

"नाही, सहज."

ती परत आली आणि पान पुन्हा उघडलं. एक ओळ वाढली होती.

"ठमी आली का, असे दोनदा विचारले."

ठमी म्हणजे धाकटी. लहानपणी जेवताना ठाण मांडून बसायची म्हणून आईनं ठेवलेलं नाव. या इमारतीत ते नाव कोणाला ठाऊक नव्हतं. आईनंसुद्धा ते इथे चारचौघांत कधी घेतलं नव्हतं, लेकीच्या नोकरीची लाज राखायची म्हणून.

"थोरले, हे बघ जरा."

थोरलीनं चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि स्क्रीनपाशी वाकली. बराच वेळ पाहिलं. मग स्क्रीन सोडून तिनं धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोरं तर आहे गं," ती हळू आवाजात म्हणाली. थोरलीला हळू बोलताना धाकटीनं पहिल्यांदाच ऐकलं.

४

आईचं किती केलंस, असं लोक तिला म्हणत. तीन वर्षं एकाच इमारतीत, येताजाता विचारपूस, औषधं, नखं कापणं. ते खोटं नव्हतं. पण गेल्या वर्षी तीस जूनला संध्याकाळी पाच वाजता ती कामावरून निघाली, तेव्हा आई वॉकर धरून नऊ नंबरच्या दारात उभी होती. "बस की जरा," आई म्हणाली. धाकटी म्हणाली, "उद्या येते. उद्या नक्की." आई म्हणाली, "बरं, उद्या." आणि एक जुलैला दिवस उजाडायच्या आत आई गेली.

महिनाअखेरीचं काम होतं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. काम काही नव्हतं. तिला आईच्या त्याच त्या गोष्टींचा कंटाळा आला होता. एवढंच. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. नंतर एकदा तिनं नोंदींच्या खोलीपासून नऊ नंबरपर्यंतची पावलं मोजली होती. चाळीस भरली.

आता तीसच्या पुढे ती चौकट होती. उद्या म्हणून ती जे बोलून बसली होती, ते कोणीतरी मांडून ठेवलं होतं आणि त्यात आईला नेऊन बसवलं होतं. नऊ महिने ती तिथे केस विंचरून बसली होती की काय? हा विचार आला आणि धाकटीला रडू यायच्या ऐवजी भीती वाटली. आपल्याच आईची भीती वाटते याची तिला लाजही वाटली, पण लाजेनं भीती काही कमी झाली नाही.

मंगळवारी तिनं पान उघडलं नाही. तिला शपथच घातली होती जणू कोणी. दुपारी मास्तरांच्या खोलीत सह्यांसाठी गेली, तर मास्तरांनी आपली खुर्ची दारापासून उचलून पार पलंगामागे नेली होती.

"मास्तर, इथे अंधारात काय वाचणार तुम्ही?"

"वाचतो कसलं." मास्तरांनी वर्तमानपत्र घडी घातलं. "बाई, एक विचारू? हसायचं नाही. माझ्या आधी इथे कोण होतं?"

"का हो?"

"दुपारी माझा डोळा लागतो. उठतो तर असं वाटतं, की दारापाशी कोणी बसून गेलंय. बाहेर बघत. मला त्रास काही नाही देत. माझ्याकडे बघतसुद्धा नाही." त्यांनी घडी मांडीवर ठेवली. "पण बाई, इतकी वाट बघणं बरं नव्हे. मला माझ्या मुलांनी दीड दीड वर्ष वाट बघायला लावली आहे, मला कळतं ते. दारापाशीची जागा मी सोडून दिली, म्हटलं घे बाई."

धाकटीनं सह्या घेतल्या. एक सही भलत्याच रकान्यात झाली ते तिच्या लक्षातही आलं नाही.

बुधवारी शपथ मोडली. पानावर आता पुष्कळ होतं.

"जेवण नको म्हणाल्या. ठमी आली का, असे अकरा वेळा विचारले. खिडकीतला उजेड सकाळचाच आहे. चिडल्या नाहीत. कामात असेल म्हणाल्या."

ती वाचत असतानाच खाली आणखी एक ओळ आली. कोणी टाइप केल्यासारखी अक्षर अक्षर नाही, एकदम अख्खी.

"मीच जाऊन बघते म्हणाल्या."

५

गुरुवारी साहेबांनी दोघींना बोलावलं. पुढच्या आठवड्यात तपासणीला माणसं येणार होती आणि कोणीतरी साहेबांच्या कानावर घातलं होतं की आपल्या फेब्रुवारीला एकतीस दिवस आहेत.

"हसं होईल आपलं," साहेब म्हणाले. "उद्या दुपारी चार वाजता जावईबापू ती जास्तीची पानं उडवतील. एकदा उडवली की परत येत नाहीत, म्हणून आधी नोंदींच्या खोलीतून होकार पाहिजे. त्यांत कामाचं काही नाही ना, एवढं बघून ठेवा. फोन येईल, हो म्हणायचं. जमेल ना?"

"त्यात काय जमायचंय," थोरली म्हणाली.

धाकटी काय सांगणार होती? नऊ नंबरच्या आजी अजून चहासाठी थांबल्या आहेत, म्हणून तपासणी पुढे ढकला?

जागेवर येऊन तिनं ते पान छापून घेतलं. प्रिंटरमधून पंधरा खोल्या आणि त्यांची चार चार कलमं निघाली, बाकी सगळा कागद पांढरा. मग तिनं हातानं उतरवून घ्यायला घेतलं. तिसऱ्या ओळीला तिच्या लक्षात आलं की आपण स्क्रीनकडे न बघता लिहितो आहोत, आणि जे लिहितो आहोत ते स्क्रीनवर अजून आलेलं नाही. तिनं पेन टाकून दिलं. दोन मिनिटांनी ती ओळ स्क्रीनवर आली.

"खोलीत नाहीत."

थोरलीनं खुर्ची तिच्याजवळ ओढली. "हे बघ धाकटे, माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर तिच्याशी फोनवर बोलत होते. रिसीव्हर उचलायचा नि बोलायचं. नवरा म्हणाला डॉक्टरकडे जाऊ. गेले नाही. आपोआप थांबलं." तिनं धाकटीचा हात हातात घेतला. "उद्या तू फोन घेऊ नकोस. मी सांगते त्याला काय ते. हं?"

"नको. मलाच घेऊ दे."

तिनं मनाशी ठरवलं होतं. फोन आला की नको म्हणायचं. लोक वेडी म्हणतील तर म्हणोत. साहेब चिडतील, जावई हसेल, पण पान राहील आणि आई राहील. मग एखाद्या दिवशी, भीती जरा कमी झाली की, काय करायचं ते सुचेल.

६

शुक्रवारी दुपारी ऊन स्वच्छ होतं. जेवणं आटोपून निवास सुस्तावला होता. कोणाच्या तरी खोलीत रेडिओ चालू होता. साडेतीनला थोरली साहेबांच्या केबिनमध्ये फाइल द्यायला गेली आणि तिथेच बोलत बसली.

धाकटीनं पान उघडून ठेवलं होतं. त्यावर आता फक्त आकडे उरले होते, एकाखाली एक.

"अकरा. बारा. थांबल्या. तेरा."

तिला कळायला वेळ लागला नाही. कॉरिडॉरमध्ये लादीवर वॉकर टेकल्याचा आवाज आला. टक. मग सपाता घासत गेल्याचा. मग बराच वेळ काही नाही. मग टक. निवासात वॉकर वापरणारी सहा माणसं होती आणि सहाही आता झोपली होती, हे तिला स्वतःच्या हातानं भरलेल्या नोंदीवरून ठाऊक होतं. चारही पायांना रबर असलं की वॉकर वाजत नाही. आईच्या वॉकरच्या एका पायाचं रबर पडलं होतं. नवीन बसवायचं धाकटीनं कबूल केलं होतं, तेसुद्धा राहिलं.

"चोवीस. पंचवीस."

दार उघडून बघायला काय हरकत होती? उठायचं, कडी काढायची, मान बाहेर घालायची. पण ती बसूनच राहिली. ती स्वतःला समजावत होती की हा मनाचा खेळ आहे, आणि त्याच मनानं आवाज मोजत होती. आवाज आणि आकडा एकदाही चुकला नाही.

"छत्तीस."

फोन वाजला. तिनं तो दुसऱ्या घंटेला उचलला.

"नमस्कार, जावई बोलतोय," जावई स्वतःवरच हसला. "पाठीमागे काय म्हणता ते ठाऊक आहे आम्हाला. तर, उडवू ना?"

"एकोणचाळीस," पानावर आलं.

दाराबाहेर कोणीतरी श्वास घेत होतं. चालून दमलेल्या म्हाताऱ्या माणसाचा श्वास. दारावर थाप पडली नाही. आईनं या खोलीच्या दारावर कधीच थाप मारली नव्हती. लेक कामात असेल, म्हणून ती बाहेरच उभी राहायची.

"हॅलो? आहात ना?"

धाकटीनं नको म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. चाळीसावा आकडा आला नाही. त्याच्या जागी शेवटच्या कलमात, जिथे पाच दिवस काहीच नव्हतं तिथे, एक ओळ आली.

"शेरा: त्रास नको द्यायला म्हणाल्या. परत निघाल्या."

टक, आवाज आला. या वेळी जरा लांब.

मग मात्र ती उठली. रिसीव्हर टेबलावर टाकला, खुर्ची पडली तिच्याकडे पाहिलं नाही, कडी काढली आणि दार उघडलं.

७

कॉरिडॉर तोच होता, पण त्यातलं ऊन दुपारचं नव्हतं. सकाळी जसं पूर्वेच्या खिडकीतून तिरपं येतं तसं ते लादीवर पडलं होतं. रेडिओ बंद झाला होता. दुतर्फा सगळी दारं मिटलेली होती, एक सोडून. त्या एका दारातून नीट विंचरलेल्या पांढऱ्या केसांचं डोकं, किंचित वाकलेले खांदे आणि वॉकरची एक दांडी आत जाताना तिला दिसली. फार तर एक क्षण.

"आई," ती म्हणाली. आवाज चांगला मोठा निघाला.

धाकटी चालायला लागली. पावलं मोजायची नाहीत असं तिनं ठरवलं होतं, तरी ती मोजली गेली. मागे तिच्या टेबलावर जावयाचा बारीक आवाज हॅलो, हॅलो करत होता. विसाव्या पावलाला तिला वाटलं, परत फिरावं, आधी फोनवर नको म्हणावं आणि मग यावं. दोन मिनिटांचं तर काम. पण आईला आजवर तिनं कितीदा दोन मिनिटं थांबवलं होतं त्याचा हिशेब नव्हता. ती पुढे गेली.

नऊ नंबरमध्ये मास्तरांचा पलंग नव्हता, पुस्तकं नव्हती. आईचा पलंग होता, चादरीच्या चारही कडा खोचलेल्या. टेबलावर दोन कप होते, दोन्ही उपडे. खुर्ची दारापासून हलून खिडकीकडे गेली होती आणि खुर्चीत बसलेल्या माणसानं बाहेर पाहत तोंड फिरवलेलं होतं. मानेवरचा तीळ ओळखीचा होता. बाकी काही दिसत नव्हतं. खिडकीच्या काचेतसुद्धा फक्त उजेड होता, समोर बसलेल्याचा चेहरा त्यात उमटला नव्हता.

ही आई आहे हे धाकटीला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच हेही ठाऊक होतं की तिनं तोंड वळवलं तर आपल्याला ते बघवणार नाही.

"कामं झाली?" खुर्चीतून विचारणा झाली. आवाज आईचाच, जरा बसलेला, फार वेळ न बोललेल्या माणसाचा असतो तसा.

"हो."

"सगळी?"

"झाली गं."

"मग ये. आणि दार लोटून घे ठमे, वारा लागतो."

तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कोणीतरी पडलेली खुर्ची उचलून उभी केली असावी. मग थोरलीचा आवाज आला, नेहमीसारखा भिंती ओलांडून येणारा.

"अगं, गेली कुठे ही? हॅलो, हं, जावईबापू का? माफ करा हं, ती जरा बाहेर गेलीय. नाही हो, बघितलीत आम्ही, सगळी कोरीच आहेत."

अजून वेळ होता. एक हाक मारली असती तर थोरलीनं ऐकली असती. धाकटीला ते स्वच्छ कळत होतं. तिला भीती वाटत होती, फार वाटत होती.

"हो हो," थोरली म्हणाली, "उडवून टाका एकदाची."

धाकटीनं आतून दार लोटून घेतलं.